पाणबुडीची बुडी : तीस सेकंदांचा हिशेब

जुन्या काळीं लग्नघरीं मुहूर्ताची वेळ मोजण्यासाठीं घटिकापात्र ठेवीत असत. तांब्याची एक लहानशी वाटी, तिच्या तळाला एक बारीक छिद्र. ती पाण्यावर सोडली म्हणजे छिद्रांतून पाणी हळूहळू आंत येई आणि एका घटकेनें, म्हणजे २४ मिनिटांनीं, वाटी तळाशीं जाई. तिला कोणी ढकलीत नसे, कोणी ओढीतही नसे. बुडावयास किती वेळ लागावा हें त्या छिद्राच्या आकारावर ठरत असे. पाणबुडीचें बुडणें तत्त्वतः याहून निराळें नाहीं. मात्र दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन पाणबुडी हें काम सुमारें ३० सेकंदांत उरकीत असे, म्हणजे घटिकापात्राच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शांत. आणि वाटीच्या पोटांत कोणी बसलेलें नसे, पाणबुडीच्या पोटांत चाळीस-पन्नास माणसें असत.

आजच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना या नौकांची ओळख संगणकावरील खेळांतून झालेली असते. १९९४ सालचा 'एसेस ऑफ द डीप', १९९६ पासून सुरू झालेली 'सायलेंट हंटर' ही मालिका, अलीकडील 'यूबोट' हे खेळ खेळणारांत एक वाद नेहमीं चालतो. खेळांतील नौका इतक्या सेकंदांत बुडते, खरी नौका तितक्याच वेळांत बुडत होती काय? प्रश्न चांगला आहे. पण त्याचें उत्तर एका आंकड्यांत देतां येत नाहीं. तें कां, हें पुढें पाहूं.

प्रथम बुडण्याची क्रिया समजून घेतली पाहिजे. आर्किमिडीजचा नियम आपण पाठ केलेला असतो : पदार्थ जेवढें पाणी बाजूस सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार त्यास मिळतो. जर्मन आरमारानें सर्वांत मोठ्या संख्येनें बांधलेली सातव्या वर्गाची 'सी' जातीची पाणबुडी ६७ मीटर लांब होती. पृष्ठभागावर असतां ती ७६९ टन पाणी बाजूस सारी, व पूर्ण बुडाल्यावर ८७१ टन. दोहोंमधील अंतर १०२ टन. म्हणजे बुडण्यासाठीं तिनें जवळजवळ १०० टन समुद्र आपल्या टाक्यांत घ्यावयाचा. अर्ध्या मिनिटांत तो घ्यावयाचा तर दर सेकंदाला तीन टनांहून अधिक पाणी आलें पाहिजे. घराच्या गच्चीवर हजार लिटरांची टाकी असते ना, तशा तीन टाक्या एका सेकंदांत भरावयाच्या असें समजा.

एवढें पाणी पंपानें भरतां येत नाहीं, व भरावें लागतही नाहीं. घरीं एक प्रयोग करून पाहावा. पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला एक भोंक पाडावें, भोंकावर आंगठा दाबून डबा उपडा बादलींतील पाण्यांत दाबावा. आंतील हवा पाण्याला वर येऊं देत नाहीं व डबा उसळी मारूं पाहतो. आंगठा काढतांच हवा शीळ घालीत बाहेर पडते व डबा निमूटपणें खालीं जातो. पाणबुडीच्या टाक्यांना खालच्या बाजूस मोठीं द्वारें असतात व माथ्यावर हवा सोडण्याच्या झडपा असतात. युद्धकाळांत खालचा मार्ग बहुधा उघडाच ठेवीत. नौकेला तरंगत ठेवी ती केवळ टाकींत कोंडलेली हवा. माथ्यावरची झडप उघडणें म्हणजे डब्यावरचा आंगठा काढणें होय.

पण टाक्या भरल्यानें नौका केवळ पाण्याइतकी जड होते. ती लगेच खालीं जात नाहीं. तिला खालीं खेंचण्यासाठीं आणखी एक लहान टाकी असे. ती भरली म्हणजे नौका कांहीं टनांनीं पाण्याहून जड होई. इष्ट खोलीजवळ पोंचल्यावर दाबलेल्या हवेनें ही टाकी पुन्हा रिकामी करीत. शिवाय नौकेच्या दोन्ही टोंकांना आडवीं सुकाणूं असत. तीं खालच्या दिशेस कललीं म्हणजे पुढें जाणारी नौका उतारावरून गेल्यासारखी पाण्यांत शिरे. म्हणून वेग हवा. उभी असलेली नौका फार सावकाश बुडते. आणखी एक अडचण डेकची. मुख्य नळकांड्यावर जो चालण्याचा पत्रा असतो त्याखालीं हवा अडकून राहते, व ती नौकेस कांहीं क्षण वर धरून ठेवते. अमेरिकन आरमारानें युद्धाच्या काळांत या भागाला पुष्कळ जास्त भोंकें पाडलीं आणि जर्मनांनीं आपल्या नवव्या वर्गाच्या कांहीं नौकांचा डेक पुढच्या बाजूस अरुंद केला. भोंकें पाडून सेकंद मिळविले, असें म्हटलें तरी चालेल.

आतां प्रत्यक्ष बुडीचा क्षण पाहूं. मनोऱ्यावर चौघे पाहारेकरी उभे आहेत. प्रत्येकानें क्षितिजाचा चौथा हिस्सा वांटून घेतला आहे. एकाला ढगाच्या कडेस काळा ठिपका दिसतो. तो ओरडतो, अधिकारी "आलार्म!" अशी हांक देतो व घंटा घणघणूं लागते. पाहारेकरी उभ्या शिडीच्या पायऱ्यांवर पाय न ठेवतां बाजूच्या दांड्यांवरून घसरत एकामागून एक खालीं कोसळतात. जो खालीं पडतो त्यानें तत्काळ बाजूस सरावें, नाहीं तर पुढचा त्याच्या खांद्यांवर येतो. अधिकारी सर्वांच्या शेवटीं येतो व डोक्यावरचें झांकण ओढून त्याचें चाक फिरवितो. त्याच वेळीं यंत्रघरांत डिझेल एंजिनें थांबवितात. एंजिनांना हवा लागते, म्हणून हवा घेण्याचे व धूर सोडण्याचे मार्ग बंद करतात, आंस सोडवितात, आणि विजेच्या मोटरी पूर्ण वेगानें सुरू करतात. मुख्य अभियंता प्रत्येक मार्ग बंद झाल्याची खबर ऐकून घेतो व झडपा उघडण्याचा हुकूम देतो. ज्यांच्या हातीं कांहीं काम नाहीं ते खलाशी अरुंद बोळांतून पुढच्या टोंकाकडे धांवतात, कां कीं त्यांच्या वजनानेंही तें टोंक खालीं झुकावयास मदत होते. इतकें सारें होतें त्याला लागणारा वेळ म्हणजे या परिच्छेदाचा अर्धा भाग मोठ्यानें वाचण्यास लागणारा वेळ.

हें लक्षांत आलें म्हणजे आंकड्यांचा घोटाळा उलगडूं लागतो. घड्याळ केव्हां सुरू करावयाचें? पाहारेकऱ्यानें ठिपका पाहिला तेव्हां, घंटा झाली तेव्हां, कीं झडपा उघडल्या तेव्हां? आणि थांबवावयाचें केव्हां? मनोऱ्याचा माथा पाण्याखालीं गेला तेव्हां, कीं नौका ३० मीटर खालीं पोंचली तेव्हां? तीस सेकंद ही गोष्ट खरी आहे; पण ती कसलेल्या खलाशांची, चालत्या नौकेची, बऱ्यापैकीं समुद्राची आणि केवळ दृष्टीआड होण्याची आहे. दृष्टीआड होणें व सुरक्षित होणें या दोहोंत पुष्कळ अंतर आहे, व त्या अंतरांत अनेक नौका गेल्या.

मोठ्या नौकांना अर्थातच अधिक वेळ लागे. अमेरिकन पाणबुड्या ९५ मीटर लांब होत्या. युद्धाच्या उत्तरार्धांत त्यांनीं सुमारें ४० सेकंदांपर्यंत मजल मारली. जपानच्या 'आय-४००' या १२२ मीटर लांबीच्या, पोटांत तीन विमानें बाळगणाऱ्या नौकेस जवळजवळ एक मिनिट लागे. फ्रान्सची 'सुर्कूफ' ही आठ इंची तोफांची नौका तर दोन मिनिटांहून अधिक वेळ घेई. या महाकाय नौकांनीं कामगिरी मात्र आकाराच्या मानानें फारशी केली नाहीं. लांब पल्ल्याच्या मोठ्या जर्मन नौकांपैकींच 'यू-१८०' ही एक होय. १९४३ च्या एप्रिल महिन्यांत मादागास्करजवळच्या समुद्रांत तिच्यावरूनच नेताजी सुभाषचंद्र बोस जपानच्या 'आय-२९' या पाणबुडींत गेले. तो सबंध प्रवास त्यांनीं अशाच घंटेच्या छायेंत केला होता.

सर्वांत विलक्षण उदाहरण पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश 'के' वर्गाचें आहे. मोठ्या युद्धनौकांबरोबर धांवतां यावें म्हणून या पाणबुड्यांना वाफेचीं एंजिनें बसविलीं होतीं, व त्यांना चक्क धुरांडीं होतीं! बुडण्यापूर्वीं बॉयलरचा जाळ विझवावयाचा, धुरांडीं आडवीं करावयाचीं, अनेक वाटे बंद करावयाचे. नेहमींच्या रीतीनें यास सुमारें ५ मिनिटें लागत. २९ जानेवारी १९१७ रोजीं स्कॉटलंडमधील गेअरलॉख येथें 'के-१३' ही नवी नौका चांचणीसाठीं बुडाली, आणि बॉयलरघराला हवा पुरविणारे वाटे उघडे राहिल्यामुळें तळाशीं गेली. ३२ माणसें दगावलीं.

यावरून कोणास वाटेल कीं हा दोष धुरांड्यांचा. पण २३ मे १९३९ रोजीं अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ 'स्क्वॉलस' या अगदीं नव्या, डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीवर हाच प्रसंग आला. ती जलद बुडीचा सराव करीत होती. नियंत्रण कक्षांतील फलकावर प्रत्येक मार्गाचा एकेक दिवा असे. मार्ग बंद असला म्हणजे हिरवा, उघडा असला म्हणजे तांबडा. सर्व दिवे हिरवे होते. तरीही एंजिनांना हवा नेणारी मुख्य झडप उघडीच राहिली, व समुद्र मागच्या कक्षांत घुसला. मधलें जड दार एका खलाशानें लोटून बंद केलें. पाण्यांतून धडपडत येणाऱ्या कांहींजणांना त्यानें त्या दारांतून आंत घेतलें होतें, आणि दार लावतांना पलीकडे आणखी सोबती आहेत हें त्यास ठाऊक होतें. नौका ७४ मीटर खोल तळावर जाऊन टेकली. मागच्या भागांतील २६ जण मरण पावले. पुढच्या भागांतील ३३ जणांना घंटेच्या आकाराच्या एका नव्या कोठडीतून चार फेऱ्यांत वर काढण्यांत आलें. तो दिवा हिरवा कां झाला, झडप बंद होऊन पुन्हा उघडली कीं मुळीं बंदच झाली नव्हती, यावर पुढें पुष्कळ चर्चा झाली. ज्यास सेकंद कमी करावयाचे आहेत त्यास दिव्यावर विसंबावेंच लागतें. प्रत्येक झडप हातानें चांचपून पाहण्यास वेळ कोठून आणावयाचा?

आणखी एक गोष्ट खेळणारांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं, ती समतोलाची. नौकेचें वजन रोज बदलत असतें. इंधन जळतें, अन्न संपतें, पाणतीर सुटतात. समुद्राचें पाणीही सर्वत्र सारखें जड नसतें. नदीच्या मुखाजवळ तें हलकें असतें. पाण्याची घनता हजारांत एका भागानें जरी बदलली, तरी ८७१ टनांच्या नौकेस सुमारें ८७० किलोग्रॅमांचा फरक पडतो. हा हिशेब अभियंता रोज मांडीत असे व लहान टाक्यांतील पाणी इकडचें तिकडे करून ठेवीत असे. हिशेब चुकला तर घंटेनंतर दोनच गोष्टी संभवत : एक तर नौका बूच तरंगावें तशी अडून बसे, अथवा थांबविणें कठीण जावें इतक्या वेगानें खालीं जाई. तेव्हां तीस सेकंदांच्या बुडीची तयारी सकाळपासून चाललेली असे.

आतां वरून पाहूं. ताशीं २४० किलोमीटर वेगाचें विमान मिनिटास ४ किलोमीटर जातें; म्हणजे तीस सेकंदांत २ किलोमीटर. पाहारेकऱ्यानें विमान ८ किलोमीटरांवर पाहिलें तर नौकेस दोन मिनिटें मिळतात, २ किलोमीटरांवर पाहिलें तर दृष्टीआड होण्यापुरताच वेळ मिळतो. हीच वजाबाकी ब्रिटनमध्यें १९४१ सालीं शास्त्रज्ञांनीं केली. विमानांतून टाकावयाचे डेप्थ चार्ज, म्हणजे ठरलेल्या खोलीवर फुटणारे स्फोटक पिंप, १०० फुटांवर फुटतील असे लावलेले असत. विचार असा होता कीं पाणबुडीला विमान साधारण दोन मिनिटें आधीं दिसणार, व तेवढ्यांत ती १०० फूट खालीं जाणार. ई. जे. विल्यम्स या वेल्सच्या पदार्थवैज्ञानिकानें हल्ल्यांचे अहवाल तपासले व त्यांतील चूक दाखविली. पाणबुडी इतकी आधीं बुडालेली असली तर ती डावीकडे वळली कीं उजवीकडे हेंच वैमानिकास कळत नाहीं. पिंप योग्य खोलीवर फुटलें तरी जागा चुकते. उलट जी नौका बेसावध सांपडते ती अजून पृष्ठभागाजवळच असते, तिची जागा डोळ्यांपुढें असते, आणि पिंप तिच्या खालीं कितीतरी खोल जाऊन फुकट फुटतें. त्या पिंपाचा मारा सुमारें ६ मीटरांपलीकडे घातक नसे. मग स्फोटाची खोली कमी करण्यांत आली. प्रथम ५० फूट, व पुढें १९४२ मध्यें २५ फूट. नवें विमान नाहीं, नवी दारू नाहीं, केवळ एक खूण फिरविली. तरी बुडणाऱ्या नौकांचें प्रमाण इतकें वाढलें कीं ब्रिटिशांनीं पिंपांतील दारू वाढविली असावी असें जर्मन कैद्यांना वाटूं लागलें. या शास्त्रज्ञांचे प्रमुख पॅट्रिक ब्लॅकेट यांनींच पुढें स्वतंत्र भारताच्या सरकारला संरक्षणविषयक संशोधनाबाबत सल्ला दिला. विल्यम्स मात्र १९४५ सालीं, ऐन उमेदींत, वारले.

१९४२ च्या जून महिन्यापासून विमानांवर एक प्रखर झोतदिवाही आला. रात्रीं विमान रडारच्या साहाय्यानें अंधारांत जवळ येई व अगदीं शेवटीं, एखाद-दीड किलोमीटरावर, झोत टाकी. वरील हिशेबानें पाहतां नौकेच्या हातीं उरत पंधरा-बावीस सेकंद. तीस सेकंदांत बुडणारी उत्तम नौका येथें हरली, कारण बुडी मंद नव्हती, खबर उशिरा लागत होती. जर्मनांनीं १९४३ सालीं नौकांवर विमानविरोधी तोफा वाढविल्या. पण तोफा वाढल्या म्हणजे वरती माणसें वाढलीं, आणि झांकण एकच. जितके गोलंदाज वर, तितका बुडावयास उशीर. लढावयाचें कीं बुडावयाचें, हें मग आधींच ठरवावें लागे.

युद्धकाळांतही हा खेळ खेळला जात होता, व तोही अधिकृतपणें. १९४२ च्या जानेवारींत लिव्हरपूल येथें कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनीं एक शाळा काढली. क्षयरोगामुळें आरमारांतून निवृत्त झालेला हा अधिकारी परत बोलावण्यांत आला होता. फरशीवर चौकटी आंखलेल्या, त्यांवर लहान लहान जहाजें. संरक्षक जहाजांचे कप्तान पडद्यांच्या फटींतून तेवढेंच पाहूं शकत, जेवढें समुद्रावर त्यांना दिसलें असतें. पाणबुडीचा मार्ग अशा रंगाच्या खडूनें आंखीत कीं तो त्यांना दिसूं नये. हा सगळा पट मांडणाऱ्या व चालविणाऱ्या बहुतांशीं आरमाराच्या महिला दलांतील तरुण मुली होत्या, आणि अनुभवी अधिकारी त्यांच्याकडून हरत. स्वतः पहिल्या महायुद्धांत पाणबुडी चालविलेले अॅडमिरल मॅक्स हॉर्टन हेही तेथें पाणबुडीच्या बाजूनें खेळले व जॅनेट ओकेल या तरुणीपुढें हरले. या खेळांतील एक डाव म्हणजे दोन मिनिटें. म्हणजे पाणबुडीची सारी धांवपळ एका डावाच्या चतुर्थांशांत मावते. पटावर ती दिसतही नाहीं. जहाजांनीं कोणत्या दिशेनें वळावें हें शिकविण्यास तेवढा तपशील पुरेसा होता, म्हणून रॉबर्ट्स यांनीं बाकीचा गाळला, आणि योग्यच केलें.

संगणकावरील खेळ याच्या उलट टोंकाचा आहे. तो प्रत्येक सेकंद दाखवितो. 'सायलेंट हंटर'मध्यें एक कळ दाबली कीं घंटा वाजते, फेंस उसळतो, खोलीचा कांटा फिरूं लागतो, व नौका ठराविक वेळांत बुडते. हा आंकडा बहुधा जुन्या नोंदींवरूनच घेतलेला असतो, म्हणून तो खोटा म्हणतां येत नाहीं. परंतु बहुतेक खेळांत झडप अडकत नाहीं, पाहारेकऱ्याचा पाय शिडींत गुंतत नाहीं, समतोलाचा हिशेब खेळणाराला मांडावा लागत नाहीं. 'यूबोट'सारख्या खेळांत खलाशांना वेगवेगळें काम व थकवा दिला आहे, तें पाऊल मला चांगलें वाटतें. तरी एक गोष्ट कोणताच खेळ देऊं शकत नाहीं, ती कंटाळ्याची. खेळांत काळ शेंकडों पट वेगानें पुढें ढकलतां येतो व शत्रु दिसतांच तो आपोआप मंद होतो. खऱ्या नौकेंत पाहारेकरी आठवडेच्या आठवडे ओल्या वाऱ्यांत रिकाम्या क्षितिजाकडे पाहत असे. आणि वर सांगितलेल्या सगळ्या गणितांत सर्वांत मोठा आंकडा त्याच्या डोळ्यांचा होता. पालकांनीं मुलांसमवेत हे खेळ एकदां अवश्य पाहावे. मात्र नौका बुडवितांना वरतीं कितीजण होते, हें मुलांना विचारावें.

कारण प्रत्यक्षांत हा प्रश्न विचारला गेलेला आहे. ७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्रीं पॅसिफिक महासागरांत 'ग्राउलर' या अमेरिकन पाणबुडीची एका जपानी जहाजाशीं टक्कर झाली व त्या जहाजावरून मशीनगनचा मारा सुरू झाला. मनोऱ्यावरील दोघे जागींच ठार झाले. कप्तान हॉवर्ड गिल्मोर जखमी झाले होते. त्यांनीं वर उरलेल्यांना खालीं जाण्याचा हुकूम दिला. ते एकेक करून उतरले. गिल्मोर उतरूं शकले नाहींत. झांकण उघडें होतें, व तें उघडें असेतों नौकेस बुडतां येत नव्हतें. वरून त्यांचा आवाज आला, "नौका खालीं न्या!" त्यांचे दुय्यम अधिकारी आर्नोल्ड शेड यांनीं झांकण लावून घेतलें आणि झडपा उघडल्या. कांहीं काळानें नौका पुन्हा वर आली तेव्हां समुद्र रिकामा होता. पुढचें टोंक वांकडें झालेली ती नौका शेड यांनीं १७ फेब्रुवारीस ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन बंदरांत आणली.